एसआय५३५१ए : स्वस्त क्लॉक चिप आणि तिच्या जिटरचा हिशेब

पंचवीस मेगाहर्ट्झचा एक क्रिस्टल जोडावा, आय-टू-सीच्या दोन तारांवरून काही रजिस्टर्स, म्हणजे चिपमधले सेटिंगचे कप्पे, भरावीत आणि काही किलोहर्ट्झपासून २०० मेगाहर्ट्झपर्यंत हव्या त्या फ्रीक्वेन्सीचे क्लॉक, म्हणजे ठरावीक तालावर वर-खाली होणारे सिग्नल, तीन पिनांवर घ्यावेत, एवढे साधे काम एसआय५३५१ए ही चिप करते. सिलिकॉन लॅब्ज या कंपनीने ती बाजारात आणली. २०२१ मध्ये त्या कंपनीचा क्लॉक चिपांचा व्यवसाय स्कायवर्क्सने विकत घेतला आणि तेव्हापासून ही चिप स्कायवर्क्सच्या नावाने मिळते. नोकरीत माझे काम चिपच्या आतले क्लॉक तयार करणारी सर्किट्स आखण्याचे आहे, म्हणजे पीएलएल (एका स्थिर क्लॉकशी ताल जुळवून दुसरा क्लॉक बनवणारा लूप), व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रीक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर), डिव्हायडर (फ्रीक्वेन्सीला भागणारे सर्किट) आणि त्यांना स्वच्छ सप्लाय देणारे रेग्युलेटर यांच्याशी रोजची गाठ असते. घरी मात्र मी लघुलहरींचे छोटे रिसीव्हर जुळवतो आणि त्यांत गेली काही वर्षे हीच चिप वापरत आलो आहे. त्यामुळे तिच्याकडे ग्राहक म्हणून आणि याच धंद्यातला कारागीर म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी पाहण्याची संधी मला मिळाली. हे परीक्षण मुख्यतः तिच्या जिटरविषयी आहे, म्हणजे क्लॉकच्या कडा (वर-खाली होण्याचे क्षण) ठरल्या वेळेपासून किती पुढे-मागे हलतात त्याविषयी, कारण या चिपबद्दल जितके उलटसुलट बोलले जाते त्यातले बहुतेक त्याच एका गोष्टीवर येऊन थांबते, आणि माझ्या मते त्यातला मोठा वाटा चिपचा नसून ती कशी वापरली जाते याचा आहे.

प्रथम आतली रचना सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. क्रिस्टलवर चालणारा एक ऑसिलेटर, त्यावर कुलूपबंद होणारे दोन पीएलएल आणि प्रत्येक आउटपुटमागे एक स्वतंत्र डिव्हायडर, असा हा दोन टप्प्यांचा मामला आहे. पीएलएलमधला व्हीसीओ ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्ये चालवायचा असतो. त्यासाठी फीडबॅकमधला, म्हणजे व्हीसीओचा क्लॉक भागून तुलनेसाठी परत आणणारा, डिव्हायडर १५ ते ९० यांमधला कोणताही आकडा घेऊ शकतो, आणि तो आकडा पूर्णांकच असला पाहिजे अशी अट नाही. एक पूर्णांक अधिक एक अपूर्णांक असे त्याचे रूप असते आणि त्या अपूर्णांकाचा छेद २० बिटांचा, म्हणजे दहा लाखांच्या थोडा पुढे जाणारा असू शकतो. आउटपुटकडचे डिव्हायडरही तसेच अपूर्णांकी आहेत. पीएलएलचा लूप स्थिर ठेवणारा लूप फिल्टर चिपच्या आतच असल्याने बाहेर एकही रेझिस्टर किंवा कपॅसिटर त्यासाठी लावावा लागत नाही. ज्याने कधी पीएलएलचा लूप फिल्टर स्वतः बसवून त्याची स्थिरता तपासली आहे त्याला या सोयीची किंमत कळेल. पण त्याच सोयीमुळे लूपची बँडविड्थ, म्हणजे लूप किती जलद बदलांच्या मागे धावेल ते, ठरवण्याचा अधिकार आपल्याकडून काढून घेतला जातो, हेही त्याच्या लक्षात येईल.

आता जिटर. डेटाशीटमध्ये या दहा पिनांच्या आवृत्तीसाठी पिरियड जिटरचा आकडा ७० पिकोसेकंद, पीक-टू-पीक (सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक), असा दिला आहे, आणि कमाल मर्यादा १५५ पिकोसेकंद आहे. आमच्याकडे इंटर्न म्हणून आलेल्या एका मुलाने हा आकडा वाचून एडीसीबद्दल, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपबद्दल, मला विचारले होते, “सर, ही चिप आपल्या १४ बिटांच्या एडीसीला लावली तर चालेल का? सत्तर पिकोसेकंद म्हणजे तसे फारच कमी ना?” मी त्याला म्हटले, “अरे, ते सत्तर कशाचे आहेत ते आधी बघ. किती आवर्तनांवर मोजलेत, आणि कोणत्या कडेपासून कोणत्या कडेपर्यंत?” प्रश्न चुकीचा नव्हता. जिटर या एकाच शब्दाखाली किमान तीन वेगळ्या राशी वावरतात आणि जाहिरातींमधून त्या एकमेकांच्या जागी सर्रास ठेवल्या जातात, हेच त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

पिरियड जिटर म्हणजे क्लॉकच्या एका आवर्तनाची लांबी सरासरीपासून किती ढळते ते. येथे ते १०,००० आवर्तनांवर मोजलेले आहे. ढळणे निव्वळ यादृच्छिक असेल, तर इतक्या नमुन्यांत सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड आवर्तनांतले अंतर प्रमाण विचलनाच्या साडेसात पटींच्या आसपास भरते. म्हणजे ७० पिकोसेकंद पीक-टू-पीक याचा अर्थ सुमारे सव्वानऊ पिकोसेकंद आरएमएस, म्हणजे तेवढे प्रमाण विचलन. एका आवर्तनाला दोन कडा असतात आणि दोन्ही आपापल्या परीने हलतात. त्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे हलत असतील, तर एकेका कडेच्या वाट्याला वर्गमूळ दोनने भागून साधारण सात पिकोसेकंद येतात. येथपर्यंत गणित सरळ आहे. अडचण अशी की कडा नेहमी स्वतंत्रपणे हलत नाहीत. क्लॉक हळूहळू, हजारो आवर्तने घेऊन, एका बाजूला सरकत असेल तर शेजारच्या दोन कडा जवळजवळ सारख्याच सरकतात आणि पिरियड जिटरच्या मोजमापात ते सरकणे दिसतच नाही. रेडिओच्या माणसाला नेमके तेच सरकणे नडते. म्हणूनच गंभीर कामाच्या क्लॉक चिपांची डेटाशीट फेज जिटर देते, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीपासूनच्या अमुक अंतरापासून (ऑफसेटपासून) तमुक अंतरापर्यंतच्या फेज नॉइजची, म्हणजे क्लॉकच्या तालातल्या डळमळीची, बेरीज करून काढलेला आकडा. १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ हा त्यासाठीचा रूढ पट्टा आहे. एसआय५३५१ए ही संगणकाच्या बोर्डावरचे, प्रिंटरमधले किंवा सेट-टॉप बॉक्समधले चार-पाच क्रिस्टल एका फटक्यात काढून टाकण्यासाठी बनलेली चिप आहे आणि तेथे प्रोसेसरला पिरियड जिटरशीच मतलब असतो. तेव्हा डेटाशीटने काही लपवले आहे असे मी म्हणणार नाही. तिने आपल्या ग्राहकाच्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, आपल्या प्रश्नाचे नाही.

त्याच डेटाशीटमधली आणखी एक ओळ मला या चिपबद्दलची सर्वांत बोलकी ओळ वाटते. हीच चिप २० पिनांच्या पॅकेजमध्येही मिळते. त्या पॅकेजला आउटपुटच्या सप्लायसाठी चार वेगळ्या पिना आहेत, आणि प्रत्येक सप्लाय पिनेवर एकच आउटपुट चालू ठेवले तर पिरियड जिटर ७० ऐवजी ४० पिकोसेकंद इतके खाली येते. व्हीसीओ तसाच, क्रिस्टल तसाच आणि लूपही तसाच. बदलले ते इतकेच की आउटपुट बफरांनी, म्हणजे क्लॉक पिनेवर ढकलणाऱ्या सर्किटांनी, एकमेकांचा सप्लाय ओढणे थांबले. दहा पिनांच्या पॅकेजमध्ये तिन्ही आउटपुटांना मिळून सप्लायची एकच पिन आणि सगळ्या चिपला मिळून ग्राउंडची एकच पिन आहे. एक बफर कड उचलतो तेव्हा त्या पिनेच्या आतल्या बारीक तारेतून प्रवाहाचा झटका जातो, तारेच्या इंडक्टन्समुळे आतला सप्लाय क्षणभर डुलतो, आणि त्याच क्षणी शेजारच्या बफराची कड उंबरठा ओलांडत असेल तर ती काही पिकोसेकंद पुढे-मागे होते. याचा हिशेब घरबसल्या करता येतो. ३.३ व्होल्टच्या आउटपुटाची कड २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत चढायला सुमारे एक नॅनोसेकंद घेते, म्हणजे तिचा वेग नॅनोसेकंदाला दोन व्होल्ट. उंबरठा १० मिलिव्होल्टने हलला की कड ५ पिकोसेकंदांनी हलली. दहा मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही. ब्रेडबोर्डवरच्या लांब वायरीवर त्याच्या कितीतरी पट डुलणे सहज असते.

नव्याने या क्षेत्रात येणारे विद्यार्थी व्हीसीओच्या फेज नॉइजवर महिनोन्महिने घालवतात आणि शेवटी क्लॉक बाहेर नेणाऱ्या बफरांची साखळी सामायिक सप्लायवर टांगून मोकळे होतात. त्यांना मी ४० आणि ७० हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवतो.

वापरणाऱ्याच्या हातात उरलेला सर्वांत मोठा निर्णय म्हणजे अपूर्णांक कोठे ठेवायचा. समजा २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून १० मेगाहर्ट्झ हवे आहेत. फीडबॅकला ३६ ठेवले की व्हीसीओ ९०० मेगाहर्ट्झवर बसतो आणि आउटपुटला ९० ने भागले की १० मेगाहर्ट्झ मिळतात. दोन्ही आकडे पूर्णांक आहेत, शिवाय ९० ही सम संख्या आहे, त्यामुळे आउटपुट डिव्हायडरची पूर्णांकी पद्धत चालू करणारे बिटही लावता येते. ते बिट फक्त सम संख्यांनाच चालते. यापेक्षा स्वच्छ क्लॉक ही चिप देऊ शकत नाही. आता ७.१ मेगाहर्ट्झ घ्या. एक मार्ग असा की व्हीसीओ ९०० वरच ठेवायचा आणि आउटपुटला १२६ पूर्णांक ५४ छेद ७१ ने भागायचे. दुसरा मार्ग असा की आउटपुटला नेमके १२६ ने भागायचे आणि व्हीसीओ ८९४.६ मेगाहर्ट्झवर न्यायचा, म्हणजे फीडबॅक ३५ पूर्णांक ९८ छेद १२५ होतो. फ्रीक्वेन्सी दोन्ही मार्गांनी तीच येते, पण क्लॉक तोच येत नाही.

अपूर्णांकाने भागणे म्हणजे प्रत्यक्षात कधी १२६ ने आणि कधी १२७ ने भागून सरासरी साधणे. प्रत्येक कडेला उरणारी फेजची चूक चिपमधले सर्किट मोजते आणि तेवढी कड सरकवून भरून काढते. कल्पना चांगली आहे, पण ही भरपाई कितीही काळजीपूर्वक केली तरी काही अवशेष उरतोच. तो अवशेष आउटपुट डिव्हायडरमध्ये तयार झाला तर त्याच्या पुढे कोणतीही चाळणी नाही, तो थेट पिनेवर येतो. फीडबॅकमध्ये तयार झाला तर लूप स्वतःच चाळणीचे काम करतो आणि लूपच्या बँडविड्थपलीकडचा अवशेष दाबला जातो. म्हणून नियम असा: आउटपुटचा डिव्हायडर सम पूर्णांक ठेवावा, अपूर्णांक पीएलएलमध्ये न्यावा, आणि फ्रीक्वेन्सी बदलायची ती पीएलएलकडून बदलावी. मात्र पीएलएल दोन आहेत आणि आउटपुट तीन. तीन असंबद्ध फ्रीक्वेन्सी हव्या असतील तर त्यांतल्या एकीला बहुधा अपूर्णांकी आउटपुट डिव्हायडर पत्करावा लागतो, आणि ती कोणती हे नकाशा काढतानाच ठरवलेले बरे.

हे सगळे मोजायचे कसे, हा प्रश्न घरी काम करणाऱ्यासमोर उभा राहतोच. १०० मेगाहर्ट्झच्या साध्या ऑसिलोस्कोपवर दहा पिकोसेकंद दिसत नाहीत. त्याच्या स्वतःच्या ट्रिगरचे डळमळणे त्याहून मोठे असते. मी वापरलेली पद्धत जुनी आणि सोपी आहे. दोन सारखे बोर्ड घेतले. एक १० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा त्याहून एक किलोहर्ट्झ वर लावला. दुसऱ्यासाठी फीडबॅक ३६ पूर्णांक ९ छेद २५०० आणि भागाकार तोच ९०. दोघांना डायोडच्या रिंग मिक्सरमध्ये सोडले आणि बाहेर पडणारा एक किलोहर्ट्झचा फरक लॅपटॉपच्या साउंड कार्डला दिला. मिक्सिंगमध्ये फेज तशीच राहते आणि फ्रीक्वेन्सी दहा हजार पटींनी खाली येते, त्यामुळे १० मेगाहर्ट्झवरचा एक पिकोसेकंद येथे दहा नॅनोसेकंद होऊन समोर येतो. अर्थात यात दोन्ही बोर्डांचा नॉइज एकत्र दिसतो आणि साउंड कार्डाच्या आवाक्यातलेच ऑफसेट पाहता येतात, पण तुलनेसाठी ते पुरेसे आहे.

पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर एक किलोहर्ट्झच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना १०० हर्ट्झवर, २०० हर्ट्झवर, ३०० हर्ट्झवर अशा काट्यांच्या जोड्या उभ्या राहिल्या. बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालत होते. लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढला आणि निम्म्याहून अधिक काटे जागच्या जागी खाली बसले. मग दोन्ही बोर्डांना बॅटरी आणि कमी नॉइजचा वेगळा रेग्युलेटर दिला, आणि उरलेले काटे नॉइजच्या तळात बुडाले. त्यानंतर एका बोर्डावर मी आउटपुटचा भागाकार मुद्दाम अपूर्णांकी करून तीच फ्रीक्वेन्सी मिळवली, तेव्हा रेषेच्या पायथ्याशी नवे काटे आले. त्यांची जागा अपूर्णांकाच्या छेदाबरोबर बदलत होती, यावरून ते कोठून आले याबद्दल शंका उरली नाही. मे महिन्यातले दिवस होते. छताचा पंखा लावला की मधली रेष सावकाश एका बाजूला सरकायची आणि बंद केला की परत यायची. क्रिस्टलवर कापसाचा बोळा ठेवून वर चिकटपट्टी लावली तेव्हा तिचे ते हिंडणे थांबले.

आता खरेदीविषयी. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून मी तयार बोर्ड घेतला होता, त्याने मला दोन आठवडे हैराण केले. १० मेगाहर्ट्झ मागितले की तो सव्वा किलोहर्ट्झहून अधिक वर जायचा, म्हणजे दशलक्षात सव्वाशेहून जास्त चूक. चिपचा दोष नव्हता. ही चिप क्रिस्टलला स्वतःच्या आतून ६, ८ किंवा १० पिकोफॅरडचा भार देते आणि तो रजिस्टर १८३ मधून निवडायचा असतो. त्या बोर्डावर बसवलेला क्रिस्टल मात्र याहून बऱ्याच मोठ्या भारासाठी कापलेला होता, त्यामुळे तो वरच धावत होता. दुकानदाराने सांगितले की सगळे लोक सॉफ्टवेअरमधून दुरुस्ती करतात, आणि ते खरेही आहे, चिप चालवणाऱ्या तयार सॉफ्टवेअर लायब्ररीत त्यासाठी सोय असते. पण त्यातला एक तोटा कोणी सांगत नाही. क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झच्या जागी २५.००३ वर चालत असेल, तर ९०० मेगाहर्ट्झसाठी फीडबॅकला ३६ चालत नाही, ३५.९९५ आणि पुढे काही असा अपूर्णांक लागतो. म्हणजे फ्रीक्वेन्सी सुधारली, पण वर ज्या संपूर्ण पूर्णांकी मांडणीचे मी कौतुक केले तीच हातची गेली. मी शेवटी १० पिकोफॅरड भाराचा चांगला क्रिस्टल मागवून जुना काढून टाकला. बोर्ड घेताना क्रिस्टलचा भार विचारावा, आणि विक्रेत्याला सांगता येत नसेल तर सुटी चिप घेऊन स्वतः बोर्ड करावा, असा माझा सल्ला आहे. पिनांमधले अंतर अर्धा मिलिमीटर आहे. भिंग आणि भरपूर फ्लक्स असेल तर हाताने सोल्डर होते.

स्प्रेड स्पेक्ट्रमचेही असेच आहे. विद्युतचुंबकीय प्रारणाच्या चाचणीत बोर्ड पास व्हावा म्हणून क्लॉक मुद्दाम थोडा पसरवण्याची सोय पहिल्या पीएलएलमध्ये आहे. संगणकाच्या बोर्डावर ती उपकारक, रिसीव्हरमध्ये घातक. रजिस्टर १४९ मधले सर्वांत वरचे बिट शून्य आहे याची खात्री सुरुवातीलाच करून घ्यावी.

इतक्या मर्यादा सांगितल्यावर ही चिप रेडिओच्या छंदात एवढी कशी रुजली, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर तिच्या किमतीत आणि लवचिकपणात आहे. हैदराबादच्या अशर फरहान यांनी, म्हणजे हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींत व्हीयू२ईएसई या कॉलसाइनने ओळखल्या जाणाऱ्यांनी, आखलेल्या मायक्रो-बिटएक्स या ट्रान्सीव्हरमध्ये तिन्ही ऑसिलेटर एकाच एसआय५३५१ए मधून येतात: ४५ मेगाहर्ट्झच्या पहिल्या आयएफपर्यंत (मधल्या फ्रीक्वेन्सीपर्यंत) नेणारा, तेथून १२ मेगाहर्ट्झवर आणणारा ३३ किंवा ५७ मेगाहर्ट्झचा, आणि १२ मेगाहर्ट्झवरचा बीएफओ, म्हणजे तेथून ऐकू येणारा आवाज काढून देणारा. पूर्वी यातल्या प्रत्येकासाठी वेगळी कॉइल, वेगळा व्हेरिएबल कपॅसिटर आणि वेगळी डोकेदुखी असायची. क्यूआरपी लॅब्जने २०१७ मध्ये आणलेल्या क्यूसीएक्स या रेडिओच्या किटने तर आणखी सुंदर उपयोग केला: ९० अंशांनी मागे-पुढे असलेले दोन क्लॉक याच चिपमधून घेतले. प्रत्येक आउटपुटाला सात बिटांचे एक फेज रजिस्टर आहे आणि त्याचे एकक व्हीसीओच्या आवर्तनाचा एक चतुर्थांश एवढे असते. भागाकार १२६ असेल आणि दुसऱ्या आउटपुटाच्या फेज रजिस्टरमध्येही १२६ लिहिले, तर दोन क्लॉकांमध्ये नेमका ९० अंशांचा फरक पडतो. मात्र त्यासाठी दोन्ही आउटपुट एकाच पीएलएलवर हवीत आणि लिहून झाल्यावर रजिस्टर १७७ मधून त्या पीएलएलला रीसेट द्यावा लागतो. वर ७.१ मेगाहर्ट्झसाठी मी १२६ हा आकडा निवडला तो याच कारणाने. सात बिटांत १२७ च्या पुढे जाता येत नाही, त्यामुळे व्हीसीओ ६०० मेगाहर्ट्झच्या खाली न नेता ही युक्ती पावणेपाच मेगाहर्ट्झच्या आसपासच थांबते आणि ८० मीटरच्या (सुमारे साडेतीन मेगाहर्ट्झच्या) पट्ट्यासाठी डेटाशीटची मर्यादा ओलांडावी लागते.

इंटर्नच्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी आहे. एडीसीला दिलेल्या क्लॉकची कड जितकी हलते तितकी त्या क्षणी मोजलेल्या व्होल्टेजमध्ये चूक येते, आणि सिग्नल जितका जलद तितकी ती चूक मोठी. सात पिकोसेकंद धरले, तर ७ मेगाहर्ट्झच्या सिग्नलसाठी सिग्नल-नॉइज गुणोत्तराची कमाल मर्यादा ७० डेसिबलच्या आसपास येते. साडेअकरा बिट म्हणा. छोट्या रिसीव्हरला तेवढे चालून जाते. १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल असेल तर तीच मर्यादा ४७ डेसिबलवर घसरते, म्हणजे साडेसात बिट, आणि १४ बिटांच्या एडीसीचे निम्मे बिट नुसते नॉइज मोजत बसतात. तेथे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एलएमके०४८२८ यांसारखी चिप लागते, जिचा फेज जिटर १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ८८ फेम्टोसेकंद दिला आहे. त्या क्लॉकवर १०० मेगाहर्ट्झसाठीची मर्यादा ८५ डेसिबलच्या आसपास जाते. त्या चिपमध्ये एकामागे एक असे दोन लूप आहेत. पहिला अरुंद लूप बाहेरच्या स्वच्छ व्हीसीएक्सओला (व्होल्टेजने किंचित हलवता येणाऱ्या क्रिस्टल ऑसिलेटरला) बांधून येणाऱ्या क्लॉकमधला गाळ काढतो, दुसरा रुंद लूप त्याला गुणून वर नेतो. किंमत, चिपची ऊब आणि रजिस्टर्सची संख्या, तिन्ही त्या मानाने वाढतात.

एसआय५३५१ए च्या घराण्यातलीच जुनी एसआय५७० ही या दोघींच्या मध्ये कोठेतरी बसते आणि तिची आठवण मी मुद्दाम काढतो, कारण रचनेतला फरक तेथे स्पष्ट दिसतो. तिच्यात ११४.२८५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल पॅकेजच्या आतच आहे, आतला ऑसिलेटर ४.८५ ते ५.६७ गिगाहर्ट्झवर चालतो आणि आउटपुटला फक्त पूर्णांकांनी भागले जाते. तिचा जिटर पिकोसेकंदाच्या एक-तृतीयांशाच्या आसपास राहतो. पीएलएल आखणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर यात चमत्कार नाही. लूपच्या बँडविड्थच्या आत फेज डिटेक्टर आणि चार्ज पंप (दोन क्लॉकांची तुलना करून व्हीसीओला सुधारणारे भाग) यांचा नॉइज गुणाकाराच्या पटीने वाढत जातो. २५ मेगाहर्ट्झवरून ९०० वर जाताना ३६ पट, म्हणजे ३१ डेसिबल. आउटपुटला भागले की डेसिबलमध्ये तो पुन्हा खाली येतो खरा, पण पिकोसेकंदांत मोजलेले कडेचे हलणे भागाकाराने कमी होत नाही, कारण डिव्हायडर व्हीसीओच्याच कडांतून काही कडा निवडतो आणि निवडलेली कड जितकी हललेली असेल तितकी हललेलीच राहते. म्हणून रेफरन्स, म्हणजे पीएलएलला दिलेला मूळ क्लॉक, जितका उंच आणि स्वच्छ तितके बरे. २००९ मध्ये नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातल्या गाओ, क्लम्परिंक आणि नौटा यांनी दाखवलेल्या सब-सॅम्पलिंग पीएलएलने तर लॉक झाल्यावर फीडबॅकमधला डिव्हायडरच बाजूला सारला आणि रेफरन्सच्या कडेने व्हीसीओची लाट थेट नमुना म्हणून उचलली, त्यामुळे फेज डिटेक्टर आणि चार्ज पंपाच्या नॉइजचा तो गुणाकारच टळला, आणि ०.१८ मायक्रॉनच्या साध्या सीमॉस चिपवर २.२ गिगाहर्ट्झला त्यांनी जिटर ०.१५ पिकोसेकंदांवर आणला. आमच्या क्षेत्रात आज जे होते आहे त्यातले पुष्कळसे त्या कामाच्या पायावर उभे आहे.

एसआय५३५१ए कडून ती अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. मी घेतली तेव्हा सुटी चिप शे-दीडशे रुपयांच्या घरात पडली होती आणि त्या पैशांत दोन अपूर्णांकी पीएलएल, तीन आउटपुट, फेज नियंत्रण आणि बाहेर एकही लूप फिल्टर नाही, असा ऐवज दुसरीकडे मिळालेला मला माहीत नाही. मायक्रोकंट्रोलर, ऑडिओचा साधा मास्टर क्लॉक, चाचणीसाठी हाताशी असावा असा सिग्नल जनरेटर, लघुलहरींचे रिसीव्हर आणि कमी ताकदीचे ट्रान्समीटर यांसाठी मी ती निःशंकपणे सुचवीन. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही, कारण पूर्णांक आणि अपूर्णांक, स्वच्छ आणि गढूळ सप्लाय, एक आउटपुट आणि तीन आउटपुट यांतला फरक स्वतःच्या कानांनी ऐकू देणारे याहून स्वस्त साधन नाही. वेगवान एडीसी, गिगाबिटांचे सिरियल दुवे किंवा व्हीएचएफवरचे संवेदनशील रिसीव्हर यांसाठी मात्र ती घेऊ नये. तेथे वाचवलेले पैसे नंतर महिन्याभराच्या डोकेदुखीतून वसूल होतात.

स्वतः नवा बोर्ड आखणार असाल तर शक्यतो २० पिनांची आवृत्ती घ्यावी, आउटपुट वेगवेगळ्या सप्लाय पिनांवर वाटावीत, प्रत्येक पिनेजवळ १०० नॅनोफॅरडचा स्वतंत्र कपॅसिटर चिकटून ठेवावा, आणि जे आउटपुट लागत नाही ते नुसते मोकळे न सोडता रजिस्टरमधून बंद करावे. जीपीएसवर बांधलेला किंवा तापमान-भरपाईचा बाहेरचा रेफरन्स हाताशी असेल तर याच चिपची सी आवृत्ती (एसआय५३५१सी) पाहावी, ती १० ते १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक थेट घेते. माझ्या पुढच्या रिसीव्हरसाठी मी तीच मागवली आहे.